शाळा की शुश्रूषा ?

बारावीचा निकाल लागला म्हणजे आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतून दरसाल एक लहानशी न्यायसभा भरते. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते घरातली मुलगी. तिचा अपराध इतकाच की, तिला बरे गुण मिळालेले असतात, डॉक्टर किंवा इंजिनिअर होण्याची तिला हौस नसते, आणि आपल्या हातून चार माणसांच्या उपयोगी पडेल असे काही व्हावे असे तिला मनापासून वाटते. अशा मुलीपुढे सहजच दोन मार्ग येतात : एक अध्यापनाचा व दुसरा रुग्णपरिचर्येचा. ह्यांपैकी कोणता पत्करावा ह्याविषयी वादविवाद होतो खरा, परंतु न्यायसभेचा निकाल साक्षीपुरावा होण्यापूर्वीच लिहून ठेवलेला असतो. "मास्तरीण हो, बाळ; नर्स होणे हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे." आई हे समजुतीने सांगते, वडील अधिकाराने सांगतात, आणि मामा आपण जग पाहिले आहे म्हणून सांगतात. मुलगी गप्प बसते, आणि तिचे गप्प बसणे हीच तिची संमती असे धरून सभा बरखास्त होते.

ह्या निकालावर अपील करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आम्ही स्वतः अध्यापकवर्गातलेच असल्यामुळे अध्यापनाची निंदा करण्याचे पाप आमच्या माथी कोणी मारील अशी भीती नाही. आमची तक्रार निराळीच आहे. वरील निकालाने परिचर्येचा अपमान होतो हे तर उघडच आहे; परंतु त्याने अध्यापनाचाही तितकाच अपमान होतो, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या वर्गाचे लोक शिक्षिकेचा धंदा निवडतात तो तो थोर आहे म्हणून नव्हे, तर तो सोपा आहे अशा समजुतीने निवडतात. आणि परिचारिकेचा धंदा टाकतात तो तो कठीण आहे म्हणून नव्हे, तर तो हलका आहे अशा समजुतीने टाकतात. ह्या दोन्ही समजुती खोट्या आहेत, आणि ह्या दोन खोट्यांच्या मध्ये एका खऱ्या मुलीच्या आयुष्याची चाळीस वर्षे सापडतात.

प्रथम इतिहासाची साक्ष काढू. आपल्या देशात मुलींच्या शाळेची गोष्ट निघाली की सावित्रीबाई फुल्यांचे नाव निघते, आणि ते निघावे हे योग्यच आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तीत त्यांनी शिकविले, आणि त्याबद्दल लोकांनी फेकलेले दगड व शेण अंगावर घेतले. आज शाळाशाळांतून त्यांची तसबीर लागते व जयंतीस तिला हार पडतो. पण ह्या पहिल्या शिक्षिकेचा अंत कसा झाला, ह्याचा विचार तो हार घालणाऱ्यांपैकी किती जण करतात? १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान मांडले, तेव्हा त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत ह्यांनी शहराबाहेर रुग्णांसाठी दवाखाना उघडला, आणि साठी उलटलेल्या सावित्रीबाई तेथे प्लेगच्या रोग्यांची सेवा करू लागल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले, त्यात त्यांना स्वतःला रोगाची बाधा झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. म्हणजे जी स्त्री शिक्षिका म्हणून जगली ती परिचारिका म्हणून मरण पावली. तिच्या नावाने मुलीला शाळेत घालावयाचे, आणि तिने शेवटी केलेले काम आपल्या मुलीला मात्र शोभत नाही असे म्हणावयाचे, ह्याला कृतज्ञता म्हणावे की काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरी साक्ष रमाबाई रानड्यांची. न्यायमूर्तींच्या पश्चात १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभारले. तेथे स्त्रियांना अध्यापनाचे शिक्षण मिळे, आणि ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यासाठीही तेथून स्त्रिया पाठविल्या जात. त्या काळी उच्चवर्णीय घरातल्या विधवेने रुग्णालयात जाऊन परक्याच्या जखमा धुवाव्या, ही कल्पना पुण्याला सहज पचण्यासारखी नव्हती. तरीही रमाबाईंना हे दोन मार्ग एकमेकांचे वैरी वाटले नाहीत. एका छताखाली त्यांनी ते दोन्ही नांदविले. शंभरावर वर्षे लोटल्यावर त्यांच्याच वर्गाच्या नातवंडांना ह्या दोहोंपैकी एक सोवळा व दुसरा ओवळा वाटावा, ही प्रगती कोणत्या दिशेची?

आता प्रतिपक्षाच्या कारणांकडे वळू. पहिले कारण असे सांगण्यात येते की, शिक्षिकेची नोकरी सुखाची : सकाळी जावे, दुपारी परत यावे, दिवाळीची सुटी, उन्हाळ्याची सुटी, आणि एकदा चिकटले की जन्माची निश्चिती. हे वर्णन ज्यांनी केले त्यांनी अलीकडे शाळेची पायरी चढलेली नसावी. महाराष्ट्रात आज शिक्षिका व्हावयाचे तर पदविका अगर पदवी घेऊन भागत नाही. टीईटी ही पात्रतापरीक्षा व त्यावर अभियोग्यतेची परीक्षा असे घाट चढावे लागतात. २०१२ नंतर कितीएक वर्षे शिक्षकभरती जवळजवळ थांबलेली होती, आणि त्या काळात पदव्या घेऊन वाट पाहात वय निघून गेलेली मुले-मुली गावोगाव आहेत. नेमणूक झाली तरी आरंभीची तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून ठराविक मानधनावर काढावयाची. २०२३ साली हे मानधन वाढविले तेव्हा ते प्राथमिक शाळेत महिना १६,००० रुपये झाले. त्यापूर्वी ते ६,००० रुपये होते. विनाअनुदानित शाळांतून काय मिळते हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही, कारण उत्तर देणाऱ्याला लाज वाटते. शिवाय शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका ही कामे शिक्षकांवर टाकण्यास मुभा ठेवली आहे, आणि सरकारी यंत्रणेने त्या मुभेचा उपयोग करण्यात कधी संकोच केला आहे असे ऐकिवात नाही.

पण ह्याहूनही मोठी गोष्ट अशी की, सुट्यांकरिता शिक्षिका झालेली स्त्री ही समाजावर पडलेली एक दीर्घ सुटीच होय. पन्नास पोरांच्या वर्गात कोणाला कळले, कोणाला कळल्याचे नुसते सोंग आहे, कोण उपाशी आले आहे, कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, हे ओळखणे म्हणजे शिकविणे. ते काम दुपारी घरी आल्यावर संपत नाही. जिचे संपते तिने ते सुरूच केलेले नसते. मुलीला 'आरामाची म्हणून' ह्या धंद्यात ढकलणारा बाप आपल्या मुलीचा शत्रू नसेल, पण दुसऱ्यांच्या पन्नास मुलांचा तो शत्रू आहे खास.

दुसरे कारण : परिचारिका म्हणजे डॉक्टरच्या हुकुमाची ताबेदार, तिला डोके चालविण्याचे काय काम? हे म्हणणारांनी आपल्याच घरच्या ग्रंथांची पाने उलटून पाहावी. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक व रोगी. ह्या चारांतला एक लंगडा असेल तर चिकित्सा उभी राहात नाही. परिचारकाच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी आस्था आणि शुचिता हे चार गुण असावेत असे तेथे म्हटले आहे. आणि त्यांत पहिले स्थान ज्ञानाला आहे, ताबेदारीचा तर उल्लेखही नाही. पश्चिमेकडे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे हातात दिवा घेतलेली एक करुणामूर्ती उभी राहते. परंतु क्रिमियाच्या युद्धात सैनिक लढाईतल्या जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक मरतात हे त्यांनी सरकारच्या गळी उतरविले ते अश्रूंच्या जोरावर नव्हे, आकड्यांच्या जोरावर. आणि १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्यांना सभासद करून घेतले, ती संस्थेची पहिली स्त्री-सभासद. पुढे १८६० साली त्यांच्या नावाची परिचर्याशाळा लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात निघाली. दिव्याची गोष्ट आपण पाठ केली, आकड्यांची विसरलो; कारण स्त्रीच्या हाती दिवा शोभतो, त्रैराशिक शोभत नाही, असे आपण मनात धरून बसलो आहोत.

आणि त्रैराशिकाचीच गोष्ट निघाली म्हणून एक उदाहरण देतो. पाचशे मिलिलिटर सलाइन चार तासांत जावयाचे आहे. नळीतून पंधरा थेंब पडले म्हणजे एक मिलिलिटर होतो. तर मिनिटास किती थेंब सोडावे? उत्तर सुमारे ३१. शाळेत हे गणित चुकले तर एक गुण जातो. रुग्णालयात रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेवर दुसरा रोगी कण्हत असताना, हे गणित चुकले व ज्याचे हृदय आधीच दुबळे आहे त्याच्या अंगात पाणी भराभर गेले, तर काय जाते हे सांगावयास नको. डॉक्टर दिवसातून एकदोनदा येऊन जातो. मधल्या सर्व तासांत रोग्याच्या श्वासात पडलेला बारीक फरक, ओठांवर आलेली निळसर छटा, लघवीचे कमी झालेले प्रमाण हे जिच्या नजरेत येते ती परिचारिका. कोणत्या क्षणी डॉक्टरला उठवावयाचे हे तिनेच ठरवावयाचे असते. आज हे शिकण्यास पदवीसाठी चार वर्षे लागतात. आणि शरीररचनेपासून मानसशास्त्रापर्यंत तिला जे वाचावे लागते, ते तिला ताबेदार म्हणणाऱ्या मामांनी एकदा चाळून तरी पाहावे.

तिसरे कारण रात्रपाळीचे व सुरक्षिततेचे. हे कारण आम्ही हसण्यावारी नेत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच झालेला पाशवी हल्ला, आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत तिने शुद्धीवाचून काढलेली एकेचाळीस वर्षे, ही गोष्ट ज्याच्या काळजाला चरा पाडीत नाही त्याच्याशी बोलणेच खुंटले. परंतु ह्या गोष्टीतून धडा कोणता घ्यावयाचा? मुलींनी ह्या धंद्यात येऊ नये हा, की काम करणाऱ्या स्त्रीचे रक्षण करणे ही रुग्णालयाची व सरकारची बांधिलकी आहे हा? घरफोडी झाली म्हणून कोणी घर बांधणे सोडीत नाही. कडी व पहारा मागतो. आणि त्याच गोष्टीचा दुसरा भाग आपण विसरतो. इतकी वर्षे त्या असहाय मुलीला न्हाऊमाखू घालणे, भरविणे, कुशीवर वळविणे हे ज्यांनी केले त्या त्याच रुग्णालयातील परिचारिका होत. एका पिढीने दुसरीच्या स्वाधीन करावी तशी ती त्यांनी सांभाळली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालपत्रात ह्या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. ज्या धंद्याने हे करून दाखविले त्याला हलका म्हणणारांनी आपल्या धंद्याचे असे एखादे उदाहरण पुढे करावे.

चौथे कारण म्हणजे लग्न. 'नर्स मुलगी कोण करील?' हा प्रश्न विचारणारे गृहस्थ स्वतःच्या मुलासाठी 'शिक्षिका असल्यास प्राधान्य' अशी जाहिरात देतात. तेव्हा प्रश्न विचारणारा व अडचण उत्पन्न करणारा हे एकच गृहस्थ असतात. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच हाती आहे.

ही झाली बोलून दाखविली जाणारी कारणे. खरे कारण पाचवे आहे, आणि ते कोणी बोलत नाही. ते कारण म्हणजे स्पर्श. परिचारिकेला परक्याच्या देहाला हात लावावा लागतो. रक्त, पू, वांती, मलमूत्र ह्यांशी तिचा रोजचा संबंध. आपल्या समाजाने हजारो वर्षे देहाच्या मळाला हात लावणाराला खालच्या पायरीवर बसविले, बाळंतपण करणाऱ्या सुईणीला अंगणातून आत घेतले ते नाइलाजाने, आणि काम झाल्यावर घर धुऊन काढले. पाटी-पुस्तकाला विटाळ नाही म्हणून शिक्षिका चालते. देहाला विटाळ आहे म्हणून परिचारिका चालत नाही. इंग्रजी अमदानीत मिरजेसारख्या ठिकाणी मिशनऱ्यांनी रुग्णालये काढली, आणि आपल्या इकडे परिचर्येचे शिक्षण प्रथम घेणाऱ्यांत ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन मुलींचा भरणा मोठा होता. कारण आपल्या मुली घरी सोवळ्यात होत्या. पुढे केरळच्या मुलींनी देशभरची, किंबहुना देशाबाहेरचीही रुग्णालये सांभाळली. आपण त्यांना 'सिस्टर' म्हणून हाक मारली. पण आपली सख्खी बहीण सिस्टर झालेली मात्र आपल्याला खपली नाही.

ह्या विटाळाचे ढोंग किती खोल आहे हे दोन गोष्टींवरून दिसून येईल. घरात सासरे अर्धांगाने पडले म्हणजे त्यांची सर्व सेवा सून करते. तेव्हा तिचे हात विटाळत नाहीत. उलट तिला 'लक्ष्मी' म्हणतात. तीच सेवा तिने शिकून, शास्त्रशुद्ध रीतीने, ठरलेल्या तासांत व पगार घेऊन केली की ती हलकी ठरते. म्हणजे सेवेने कमीपणा येत नाही. सेवेचा मोबदला स्त्रीने मागितला म्हणजे कमीपणा येतो! दुसरी गोष्ट २०२० सालची. २२ मार्चला आपण गच्च्यांवर उभे राहून थाळ्या व टाळ्या वाजविल्या. त्याच दिवसांत रुग्णालयात काम करणाऱ्यांना भाड्याच्या खोल्या सोडावयास सांगणारे घरमालक व जिन्यावर तोंड फिरविणारे शेजारी निघाले. आणि एक महिना लोटतो न लोटतो तोच, २२ एप्रिलला, आरोग्यसेवकांवर हल्ला करणाराला सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगणारा वटहुकूम सरकारला काढावा लागला. ज्या समाजात परिचारिकेचे रक्षण करण्यासाठी वटहुकूम लागतो, त्या समाजाच्या थाळ्यांचा आवाज कितीही मोठा असला तरी त्याचा अर्थ काय घ्यावयाचा?

आमचे प्रतिपादन ऐकून कोणी असे समजेल की, मुलींनी शाळा सोडून रुग्णालयाची वाट धरावी असा आमचा आग्रह आहे. तसे मुळीच नाही. अलीकडे उलट दिशेचाही एक मोह उत्पन्न झाला आहे. जर्मनी, ब्रिटन, आखाती मुलुख येथे परिचारिकांना मागणी आहे म्हटल्याबरोबर, कालपर्यंत नाक मुरडणारी काही घरे आज परकीय चलनाचा हिशेब मांडू लागली आहेत. विटाळ युरोत फिटतो असे दिसते! ज्या मुलीला रक्त पाहून घेरी येते तिला पैशासाठी रुग्णालयात लोटणे हे, जिला मुलांचा कंटाळा आहे तिला सुटीसाठी शाळेत लोटण्याइतकेच वाईट. शिवाय स्वदेशातली स्थिती डोळे उघडे ठेवून पाहिली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१६ साली नेमलेल्या समितीने अशी शिफारस केली की, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेस महिना २०,००० रुपयांहून कमी वेतन असू नये, आणि दोनशेंहून अधिक खाटा असतील तेथे ते सरकारी वेतनाच्या बरोबरीचे असावे. शिफारस कागदावर उत्तम आहे. ती कागदावरून खाली उतरविण्याचे काम पुष्कळ ठिकाणी बाकी आहे. तेव्हा दोन्ही धंद्यांत कष्ट आहेत, दोहोंतही अन्याय आहे, आणि केवळ सुखाचा हिशेब करणाराने दोहोंच्याही वाटेस जाऊ नये.

मग निवड करावी कशी? आमच्या मते ती मुलीच्या पिंडावरून करावी. शिक्षिकेच्या कामाचे फळ वीस वर्षांनी दिसते, आणि ते पाहावयास ती जवळ असेलच असे नाही. परिचारिकेच्या कामाचे फळ बहुधा सकाळपर्यंत दिसते. शिक्षिकेची चूक एका पिढीत हळूहळू मुरते, परिचारिकेची चूक तासाभरात समोर येते. जिला थांबता येते, तेच ते पुनःपुन्हा नव्या उमेदीने सांगता येते, पन्नासांच्या गलबल्यात एकाचा चेहरा ओळखता येतो, तिने शाळेकडे जावे. जिचे हात संकटात थरथरत नाहीत, जिला देहाची किळस येत नाही, आणि जिला मरण जवळून पाहूनही दुसऱ्या दिवशी कामावर येता येते, तिने रुग्णालयाकडे जावे. हे आपल्या अंगी आहे की नाही ते दिवाणखान्यात बसून कळत नाही. म्हणून न्यायसभा भरविण्याआधी मुलीला आठ दिवस एखाद्या ओळखीच्या शाळेत व आठ दिवस एखाद्या रुग्णालयात काम नुसते पाहावयास तरी पाठवावे. आणि मग निकाल तिचा तिलाच देऊ द्यावा.

ह्या दोन धंद्यांचे नाते किती जवळचे आहे हे एका शब्दावरून कळेल. 'शुश्रूषा' ह्या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. प्रथम तो शिष्याने गुरूजवळ राहून करावयाच्या सेवेस लावीत. पुढे तोच रोग्याच्या सेवेस लागला. दुसऱ्याचे ऐकण्याची इच्छा, मग तो दुसरा पाटीवर चुकणारा मुलगा असो की खाटेवर कण्हणारा म्हातारा, हेच दोन्ही धंद्यांचे मूळ आहे. ज्या घरात मुलीचे म्हणणेच ऐकले जात नाही, त्या घराने तिच्याकडून कोणत्याच प्रकारच्या शुश्रूषेची अपेक्षा करू नये.

शेवटी एकच प्रश्न. ही न्यायसभा मुलींचीच का भरते? जगातील परिचर्या करणारांपैकी सुमारे ९० टक्के स्त्रिया आहेत असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात नमूद आहे. आणि आपल्याकडे बालवर्गात पुरुष शिक्षक हुडकून काढावा लागतो. सेवा ही थोर गोष्ट आहे असे आपण मानतो ना? मग ती थोर गोष्ट मुलग्यांच्या वाट्यास का येऊ देत नाही? चरकाने परिचारकाचे चार गुण सांगितले, त्यांत तो स्त्रीच असावा असा पाचवा गुण सांगितलेला नाही. ज्या दिवशी एखाद्या मध्यमवर्गीय घरातला बाप आपल्या मुलाला "शिक्षक होतोस की परिचारक?" असे विचारील, आणि मुलाच्या उत्तराने त्याचे तोंड उतरणार नाही, त्या दिवशी आपण हे दोन्ही धंदे खरोखर थोर मानतो असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार येईल. तोपर्यंत सावित्रीबाईंच्या तसबिरीस हार घालताना मान थोडी खालीच ठेवावी, हे बरे.